महासंघाच्या वार्षिक अधिवेशनाला मतदार प्रतिनिधी पाठवायचेत, तयारी काय?

चौथी_पाळी

आमची युनियन एका राज्यस्तरीय महासंघाला संलग्न आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक अधिवेशन, दोन दिवसांचं. शाखेतून जाणारे सगळे नवे आहेत. परिपत्रक, ठरावांची पुस्तिका आणि सरचिटणिसांचा अहवाल हातात आलाय. प्रश्न तीन:

१. आमच्या वाट्याला प्रतिनिधी किती आणि मतं किती, हे कशावर ठरतं? हजेरीपटावर ४६२ सभासद आहेत.
२. शाखेने सांगितलं तेच मत द्यायचं, की तिथली चर्चा ऐकून बदलता येतं?
३. सभागृहात मत वाया कुठे जातं?

भाषण कसं ठोकायचं ते नकोय. ते सगळ्यांनाच येतं.

पावतीपुस्तक

हजेरीपट बाजूला ठेवा. महासंघ बघतो ते एवढंच की त्याच्या घटनेतल्या, म्हणजे नियमावलीतल्या, कट-ऑफ तारखेपर्यंत तुम्ही किती डोक्यांची संलग्नता वर्गणी भरलीत.

घटनेत 'दर १०० सभासदांमागे १ प्रतिनिधी, वर उरलेले ५० पेक्षा जास्त असतील तर आणखी १' असं धरू. तुमचा आकडा वेगळा असेल, हिशोबाची रीत हीच. ४६२ चे पैसे भरलेत तर ४ अधिक १, म्हणजे ५ जण. त्यातल्या २४ जणांची वर्गणी थकली आणि ४३८ चेच पैसे गेले, तर वर उरतात ३८. प्रतिनिधी ४. पाचवा माणूस घरी बसला तो चोवीस पावत्यांमुळे.

थकबाकीदार कोण असतात? वर्गणी पगारातून कापली जाते तिथे सगळं आपोआप होतं असं वाटतं. पण ज्याला पगारच नाही त्याची कपात कुठून होणार? बिनपगारी लांब रजेवरचे, निलंबित, दुसऱ्या प्लांटमधून बदलून आलेले, वर्षाच्या मध्येच कायम झालेले. निलंबितांना निर्वाह भत्ता मिळतो, पण त्यातून युनियनची वर्गणी कापलेली क्वचितच दिसते. या सगळ्यांकडून हाताने पैसे घेऊन पावती फाडावी लागते. पावतीवर महिना लिहा, नुसतं 'वर्गणी' नको.

दुसरी खोच बँकेत. पैसे पाठवताना शाखेचं नाव आणि संलग्नता क्रमांक टाकला नाही तर महासंघाचा खजिनदार ती रक्कम अनामत खात्यात टाकतो, आणि कट-ऑफच्या यादीत तुमच्या नावापुढे बाकी दिसते. यूटीआर क्रमांकाची, म्हणजे बँकेच्या व्यवहार क्रमांकाची, छापील प्रत प्रतिनिधीच्या पिशवीत हवीच. मोबाईलमधला स्क्रीनशॉट नोंदणीच्या टेबलावर कुणी बघत बसत नाही, मागे रांग असते.

निळी_शाई

पावतीपुस्तकांच्या पुढचा टप्पा प्रतिनिधी पत्राचा. प्रमाणपत्र समिती, म्हणजे प्रतिनिधींचे कागद तपासणारी मंडळी, पत्र परत करते त्याची कारणं ठरलेली आहेत:

– शाखेच्या सभेच्या ठरावाची तारीख नाही, किंवा त्या सभेला कोरम होता याची नोंद नाही.
– नुसती चिटणिसांची सही, अध्यक्षांची राहिली.
– सभासद क्रमांक नाही.
– नाव जुळत नाही. नोंदवहीत 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', पत्रात 'बी. के.'. माणूस एकच असतो, पण टेबलावर बसलेल्याला ते कसं कळणार? तिन्हीकडे एकच नाव करून घ्या, नाहीतर शाखेचं एक ओळीचं पत्र सोबत ठेवा.

पर्यायी प्रतिनिधींची नावं त्याच सभेत, त्याच ठरावात, क्रमाने घ्या. 'ऐनवेळी कुणाला तरी पाठवू' हे चालत नाही. आणि मूळ प्रतिनिधी निघून गेला तर त्याचं मतदान कार्ड आधी टेबलावर जमा होतं, मग पर्यायीला नवीन मिळतं. कार्ड परस्पर हातात देऊन निघून जाणं म्हणजे ते मत हरकतीत घालवणं. मुखत्यारीने, म्हणजे एकाच्या वतीने दुसऱ्याने मत देणं, घटनेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

निरीक्षक, स्नेही प्रतिनिधी (दुसऱ्या संघटनांचे पाहुणे) आणि मतदार प्रतिनिधी यांच्या बिल्ल्यांचे रंग वेगळे असतात. आपला रंग तपासून घ्या. निरीक्षकाला बोलायला मिळतं बऱ्याच ठिकाणी, मत नाही.

गिरणगाव

थोडं अवांतर, पण छाननीला कारकुनी काम समजणाऱ्यांसाठी. आयटकच्या, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या, १९३१ च्या कलकत्ता अधिवेशनात मुंबईच्या गिरणी कामगार युनियनचे खरे प्रतिनिधी कुठल्या गटाचे, यावरून वाद पेटला. शेवट असा की कम्युनिस्ट गट बाहेर पडला आणि लाल ट्रेड युनियन काँग्रेस वेगळी निघाली. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. दोन वर्षं आधी, १९२९ ला, नागपुरात नेहरू अध्यक्ष असताना ना. म. जोशी आणि नेमस्त मंडळी बाहेर पडली होती, पण ते भांडण धोरणाचं, ब्रिटिश सरकारने कामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालायचा का वगैरे. १९२० साली मुंबईतच जन्मलेली संघटना अकरा वर्षांत दोनदा फुटली, आणि त्यातल्या एका वेळी ठिणगी प्रतिनिधींच्या कागदांवर पडली.

हरकतीचा_मुद्दा

प्रश्न २ आणि ३ कडे येतो.

शाखेचा आदेश दोन तऱ्हांचा: बांधील आणि मोकळा. पदाधिकारी निवडणूक, वर्गणीवाढ आणि घटनादुरुस्ती यांवर मत बांधील ठेवावं, बाकीवर मोकळीक द्यावी, हे माझं मत. अडचण इथे येते की शाखा पुस्तिकेतला ठराव वाचून आदेश देते, आणि सभागृहात मताला येतो तो दुरुस्त झालेला ठराव. शाखेने पाठिंबा दिलेला मजकूर आता अस्तित्वातच नाही. म्हणून आदेश अटीसकट लिहून घ्या. असा:

'ठराव ७, कंत्राटी कामगारांना सभासदत्व: पाठिंबा. त्यांच्यासाठी वेगळा, जास्त वर्गणी दर घालणारी दुरुस्ती आल्यास तिला विरोध. ती मंजूर झाल्यास मूळ ठरावावर तटस्थ. फक्त शब्दांची दुरुस्ती असल्यास मोकळीक.'

चार ओळी. प्रत्येक ठरावाला नको, वादाच्या पाच-सहांना पुरे.

ठराव वाचताना आधी शेवटचं क्रियापद बघा. 'खेद व्यक्त करते', 'विनंती करते', 'मागणी करते' यातल्या कशानेही कार्यकारिणीवर काही बंधन येत नाही. 'कार्यकारिणीस निर्देश देते' याने येतं. दुसरं, तारीख बघा. '१ एप्रिलपासून' होतं आणि विषय नियामक समितीतून (सभागृहात यायच्या आधी ठराव तपासून जुळवणारी समिती) बाहेर येताना 'योग्य वेळी' झालं, तर ठरावाचे दात काढलेत असं समजा. एकाच विषयावर सात-आठ शाखांचे ठराव आले की समिती ते एकत्र करते, आणि सर्वांना चालेल असा मजकूर करताना सगळ्यात बोथट वाक्य टिकतं. त्यामुळे समितीची बैठक आदल्या संध्याकाळी असेल तर तुमच्यातला निदान एक जण तिथे हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यासपीठासमोर आरडाओरडा करून हे शब्द परत येत नाहीत.

'कार्यकारिणीकडे वर्ग करावा' ही सूचना ऐकायला सौम्य वाटते. ती मंजूर झाली की ठराव ना मंजूर ना नामंजूर. बहुतेक वेळा तो पुन्हा दिसत नाही.

कॅन्टीन_कूपन

बांधील मत म्हणजे माणूस पाठवायचा कशाला, टपालाने मत पाठवा की. चर्चा ऐकून मन बदलायचंच नसेल तर दोन दिवस सभागृहात बसून करायचं काय?

हरकतीचा_मुद्दा

@कॅन्टीन_कूपन, म्हणूनच अट घातली. मत शाखेचं आहे, तुमचं नाही. तुम्ही ४६२ जणांचं ओझं घेऊन गेलात. मात्र चर्चेत नवी माहिती आली, उदाहरणार्थ हिशेबात काही निघालं, तर शाखेच्या चिटणिसांना फोन करा, वेळ लिहून ठेवा, आणि मग बदला. परत आल्यावर उत्तर देता आलं पाहिजे, एवढंच.

आता सभागृहातला क्रम. यात नवखे हमखास गोंधळतात:

आधी दुरुस्तीवर मत. ती मंजूर झाली तर ती ठरावात शिरते, आणि मग दुरुस्त ठरावावर पुन्हा मत. दुरुस्तीला हात वर केला म्हणजे काम झालं असं समजून लोक चहाला जातात, आणि मुख्य ठराव चार मतांनी पडतो. दुरुस्त्या अनेक असतील तर अध्यक्ष क्रम सांगतात. एक मंजूर झाल्याने दुसरी आपोआप बाद होते का, हे तेव्हाच विचारा.

'चर्चा पुरे, मताला टाका' ही सूचना मंजूर झाली तरी मूळ सूचकाला, म्हणजे ठराव मांडणाऱ्याला, उत्तर द्यायचा हक्क राहतो. हा हक्क घाईत गिळला जातो.

हरकतीचा मुद्दा म्हणजे नियम मोडला गेल्याची तक्रार. 'मागचे वक्ते चुकीचं बोलले' हा हरकतीचा मुद्दा नाही, तो खुलासा. नियमाचा क्रमांक तोंडावर असेल तरच उठा. क्रमांक सांगितला की अध्यक्षांना थांबावंच लागतं.

निळी_शाई

मोजणीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आवाजी मतदानात 'मंजूर, मंजूर' च्या गजरात जो गट पुढच्या रांगांत बसतो तो जिंकतो. शंका वाटली तर लगेच, पुढचा विषय पुकारण्याआधी, मोजणी मागायची. विषय पुढे सरकला की मागणी मेली.

हात वर करून मोजणीत प्रत्येक प्रतिनिधी एक. कार्ड मतदानात प्रत्येक शाखेचं वजन तिच्या वर्गणी भरलेल्या सभासदांइतकं. दोन्हींचा निकाल उलटा येऊ शकतो: लहान शाखा खूप असल्या की हात जास्त, मोठ्या दोन-तीन कारखान्यांच्या कार्डांवर आकडा जास्त. कार्ड मतदान किती प्रतिनिधींनी मागायचं ते महासंघाच्या स्थायी आदेशात, म्हणजे सभा चालवायच्या नियमांत, असतं. तो नियम शोधून ठेवा आणि तेवढ्या लोकांशी आधीच बोलून ठेवा. कार्ड शाखेच्या एकाच माणसाकडे असेल तर त्याने जागा सोडायची नाही, अगदी लघुशंकेलाही सांगून जायचं.

दोन-तृतीयांशाचा घोळ. एकूण प्रतिनिधी २४०, हजर २१०, मत दिलं १९० जणांनी, बाजूने १२८. घटनादुरुस्ती मंजूर की नाही?

– 'मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश' असेल तर १२७ पुरे. मंजूर.
– 'हजर असलेल्यांच्या' असेल तर १४० हवेत. पडली.
– 'एकूण प्रतिनिधींच्या' असेल तर १६०. पडलीच.

'हजर आणि मतदान करणाऱ्या' असे दोन्ही शब्द असतील तर पहिला हिशोब. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत तटस्थ राहणं म्हणजे विरोधातच मत. तटस्थ राहायचा आदेश देताना शाखेला हे माहीत हवं.

मतं समसमान झाली तर अध्यक्षांचं निर्णायक मत घटनेत असेल तरच. नसेल तर ठराव पडतो.

जमाखर्च

पहिल्या दिवशी दुपारी जेवणानंतर हिशेब पत्रकं येतात. सगळे पेंगतात, आणि नेमकं तेव्हाच वाचायला हवं. खरं तर त्याच्याही आधी. वह्या बघायची सोय सभासदांना देणं १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे घटनेत असावंच लागायचं, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. महासंघाच्या कार्यालयात आठवडाभर आधी जा.

बघायचं ते:

गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि यंदाची सुरुवातीची शिल्लक एकच आहे का. नवल वाटेल, पण तपासणारे कमी.

संलग्नता वर्गणीची जमा भागिले दर, किती सभासद निघतात? तो आकडा सरचिटणिसांच्या अहवालातल्या सभासदसंख्येशी जुळवा. अहवालात संख्या मोठी आणि जमा लहान असेल तर एक तर थकबाकी आहे किंवा आकडा फुगवलाय. आणि कार्ड मतदान कुठल्या आकड्यावर होणार, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

राजकीय खर्च सर्वसाधारण निधीतून झालाय का. १९२६ च्या कायद्यात कलम १५ ने सर्वसाधारण निधी कशावर खर्चता येतो ते बांधलं होतं. राजकीय निधी कलम १६ खाली वेगळा, आणि तो न देणाऱ्या सभासदाला लाभांतून वगळता येत नाही.

'इतर खर्च' ही ओळ एकूण खर्चाच्या मोठ्या हिश्शाची असेल तर तपशील लेखी मागा. तोंडी उत्तर इतिवृत्तात येत नाही.

संहिता_वाचक

ठरावांच्या कायदेशीर बाजूवर. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तेव्हा जुन्या सवयीने लिहिलेले ठराव तपासून घ्या.

संपाची तारीख: आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत नोटिशीनंतर १४ दिवस उलटल्याशिवाय संप नाही. आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे नोटिशीचं बंधन सार्वजनिक उपयोगी सेवांपुरतं होतं. म्हणजे २८ डिसेंबरला अधिवेशनात '५ जानेवारीपासून बेमुदत संप' मंजूर केला तर तो ठराव जन्मतःच अडचणीत. नोटीस २९ ला दिली तरी १३ जानेवारीच्या आत नाही. तारखेला दुरुस्ती सुचवा, विरोध करू नका. एक नोटीस ६० दिवसांपलीकडे चालत नाही, आणि समेटाची कार्यवाही सुरू असताना व ती संपल्यावर ७ दिवस संपावर जाता येत नाही.

'संप नाही, सामूहिक किरकोळ रजा' अशी पळवाट असलेले ठराव अजून येतात. ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर संहितेच्या व्याख्येत तो संपच आहे.

नाव बदलणं किंवा दुसऱ्या संघटनेत विलीन होणं: १९२६ च्या कायद्यात नाव बदलायला एकूण *सभासदांच्या* दोन-तृतीयांशांची संमती लागायची, विलीनीकरणाला मतदानाचा हक्क असलेल्या निम्म्या सभासदांनी मत नोंदवावं आणि त्यातली ६० टक्के बाजूने हवीत. सभागृहात एकमताने टाळ्या पडल्या तरी हे होत नाही. ठरावात 'सभासदांचं मतदान घेण्यास कार्यकारिणीस निर्देश' हे वाक्य हवं.

पदाधिकाऱ्यांत बाहेरची, म्हणजे त्या उद्योगात काम न करणारी, माणसं: जास्तीत जास्त एक-तृतीयांश किंवा ५, यातला लहान आकडा, असंघटित क्षेत्रात निम्मे. निवृत्त किंवा नोकरकपातीत गेलेला कामगार 'बाहेरचा' धरत नाहीत. छाननीत यावर खोट्या हरकती येतात.

हरकतीचा_मुद्दा

निवडणुकीचं राहिलं. १५ जागा, २२ उमेदवार. १६ खुणा केल्या तर अख्खी पत्रिका बाद, सोळावी खूण नव्हे. ११ केल्या तर वैध, 'पूर्ण १५ भरणे बंधनकारक' असा नियम नसेल तर. आणि इथे एक गणित लोक विसरतात: तुमचा एकच माणूस काठावर असेल तर उरलेली १४ मतं त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना देऊन तुम्ही त्यालाच मागे ढकलता. पॅनेलच्या चिठ्ठ्या वाटणारे हे सांगणार नाहीत. पत्रिकेवर सही, नाव, घोषणा काही लिहायचं नाही. चूक झाली तर खाडाखोड न करता पत्रिका परत करून दुसरी मागायची.

सूचक आणि अनुमोदक दोघंही मतदार प्रतिनिधी हवेत, निरीक्षकाची सही चालत नाही. माघारीची वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. 'बिनविरोध' चा खेळ त्या शेवटच्या अर्ध्या तासात होतो.

कॅन्टीन_कूपन

रजेचं: केंद्र सरकारी खात्यांत मान्यताप्राप्त संघटनांच्या बाहेरगावच्या प्रतिनिधींना वर्षाला १० दिवसांपर्यंत, स्थानिकांना ५ दिवसांपर्यंत विशेष किरकोळ रजा आहे, पदाधिकाऱ्यांना २०. कारखान्यात तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघा. करारात नसेल तर स्वतःची रजा. अर्जाला अधिवेशनाच्या परिपत्रकाची प्रत जोडा. रात्रपाळी करून सकाळी सभागृहात बसू नका, मोजणीच्या वेळी झोप लागते.

आणि हो, चहाची वेळ अध्यक्ष ठरवतात. वादाचा ठराव चहाच्या अगदी आधी मताला येत असेल तर ते योगायोगाने नसतं.

चौथी_पाळी

सर्वांचे आभार. परिपत्रकात कट-ऑफ १५ तारीख आहे. प्रमाणही पावतीपुस्तकांनी धरलं तेच निघालं, १०० ला १ आणि वर ५० पेक्षा जास्त असतील तर १. कपातीची यादी नोंदवहीशी लावली. १९ जण बाकी: ८ बिनपगारी रजेवर, ४ निलंबित, ७ मे महिन्यात कायम झालेले. म्हणजे आत्ता ४४३.

पावतीपुस्तक

४४३ म्हणजे वर ४३, चारच जण. ४५१ झाले की पाच. १९ च्या मागे धावू नका, आठ पावत्या हव्यात. मेमध्ये कायम झालेले सातही रोज गेटवर भेटतात, त्यांच्यापासून सुरू करा. आठवा निलंबितांपैकी घ्या, ते बहुधा युनियन ऑफिसातच बसलेले असतात. पैसे १२ तारखेच्या आत पाठवा. १४ ला पाठवले आणि मध्ये बँकेची सुट्टी आली की जमा १६ ला दिसेल.